‘गिव्ह अप्’ : एका अव्यययुक्त इंग्रजी क्रियापदाचा अर्थेतिहास

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्या परभाषक विद्यार्थ्यास त्या भाषेतील लांबलचक लॅटिन शब्द जितके छळीत नाहीत, तितकी दोन अगदी लहान शब्दांची जोडी छळते. ‘रिलिंक्विश’ हा शब्द अडला तर कोश उघडून त्याचा अर्थ पाहता येतो आणि तो सहसा दगा देत नाही. परंतु ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप्’ म्हणजे वर, एवढे जाणणाऱ्या विद्यार्थ्यास ‘गिव्ह अप्’ म्हणजे सोडणे हे कळण्यास काहीच मार्ग नसतो. देणे या क्रियेचे सोडण्यात रूपांतर कसे झाले, आणि त्यात ‘वर’चा संबंध काय, हा प्रश्न त्यास पडतो, बहुधा त्यास ‘हा वाक्प्रचार आहे, तो पाठ करावा’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अध्यापनाच्या सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे. वाक्प्रचारासही इतिहास असतो. आणि ‘गिव्ह अप्’च्या बाबतीत तो सुमारे साडेआठशे वर्षांच्या लेखनातून पुष्कळसा दाखविता येतो. या क्रियापदाचे आजचे परस्परविसंगत वाटणारे अर्थ त्या इतिहासातून एका क्रमाने कसे निष्पन्न झाले, याचा विचार पुढे केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

क्रियापद आणि त्याच्या मागून येणारे ‘अप्’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘ओव्हर’ यांसारखे अव्यय मिळून जो एकजीव अर्थ तयार होतो, त्यास इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ अशी संज्ञा आहे. ही संज्ञा फार जुनी नाही. लोगन पिअर्सल स्मिथ याने १९२५ च्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या ग्रंथात ती वापरली, आणि ती ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली असल्याचे नमूद केले. त्यापूर्वी १९२० मध्ये आर्थर केनेडी याने याच विषयावर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. त्यात ‘क्रियापद व क्रियाविशेषण यांचा संयोग’ असा वर्णनपर शब्दप्रयोग आढळतो. नाव विसाव्या शतकातील असले तरी वस्तू बाराव्या शतकापासून चालत आलेली आहे. येथे सोयीसाठी ‘अव्यययुक्त क्रियापद’ असा शब्द योजिला आहे.

अव्ययास स्वतःचा अर्थ असतो की क्रियापदाच्या सहवासानेच त्यास अर्थ येतो, हा प्रश्न भारतीय विद्यार्थ्यास नवा नाही. यास्काच्या निरुक्तात उपसर्गांविषयी दोन मते नोंदविली आहेत. धातूपासून किंवा नामापासून वेगळा काढलेला उपसर्ग अर्थ सांगत नाही, असे शाकटायनाचे मत. तर उपसर्गांस स्वतःचे नानाविध अर्थ असतात, असे गार्ग्याचे मत. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, हे पुढील वैयाकरणांचे सांगणे आणि त्यासाठी दिली जाणारी प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही उदाहरणे तर सर्वपरिचित आहेत. ‘गिव्ह अप्’मधील ‘अप्’विषयी इंग्रजी भाषाभ्यासकांत जो मतभेद आढळतो, तो मूलतः शाकटायन व गार्ग्य यांचाच मतभेद होय. या मतभेदाचा निर्णय केवळ तर्काने होणार नाही. शब्दाचा वापर कालक्रमाने पाहिला तरच तो होण्याचा संभव आहे.

२. उपसर्गाकडून अव्ययाकडे

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे स्थूलमानाने ११०० पूर्वीच्या भाषेत, धातूचा अर्थ पालटण्याचे काम मुख्यतः उपसर्ग करीत. देणे या अर्थाच्या धातूस ‘फोर्-’ हा उपसर्ग लागला की क्षमा करणे हा अर्थ येई. तोच आजच्या ‘फर्गिव्ह’मध्ये उरला आहे. ‘ऑफ्-’ लागला की सोडून जाणे, त्यागणे हा अर्थ येई. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात मृत्यूच्या प्रसंगी मनुष्यलोकीचे सुख सोडून जाणे या अर्थी हे रूप आले आहे. ‘आ-’ हा उपसर्ग लागला की हवाली करणे, परत देणे असा अर्थ होई. आज ‘गिव्ह अप्’ जे काम करतो ते पूर्वी या उपसर्गयुक्त रूपांकडे वाटलेले होते.

पुढे ही व्यवस्था ढासळली. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण असे की, क्रियापदाच्या आरंभीच्या या उपसर्गांवर आघात नसे. आघातहीन अक्षरे झिजत जातात. त्याप्रमाणे ‘आ-’, ‘ऑफ्-’, ‘गे-’ हे उपसर्ग उच्चारात क्षीण व अर्थाने अस्पष्ट झाले. दुसरे कारण वाक्यरचनेचे. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची प्रवृत्ती मागे पडून ते कर्माच्या आधी येऊ लागले, तेव्हा त्याच्याशी संबद्ध असलेले दिग्वाचक अव्यय मागे राहणे स्वाभाविक झाले. तिसरे कारण म्हणजे उत्तर व पूर्व इंग्लंडात वसाहत केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांची भाषा. प्राचीन नॉर्समध्ये असे उपसर्ग बहुतांशी पूर्वीच नष्ट झाले होते आणि क्रियापदामागे अव्यय ठेवण्याची पद्धत रूढ होती. ‘गेफा उप्प’ हे ‘गिव्ह अप्’शी शब्दशः जुळणारे रूप त्या भाषेत आहे. प्राचीन इंग्रजीतही मागून येणारी अव्यये अगदीच नव्हती असे नाही. त्यामुळे नॉर्सने ही रचना नव्याने दिली, यापेक्षा घरात असलेल्या प्रवृत्तीस बळ दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

‘गिव्ह’ या शब्दाचा आजचा उच्चारदेखील या संपर्काची साक्ष देतो. प्राचीन इंग्रजीच्या प्रमुख बोलीत या धातूचे आद्य व्यंजन ‘य’सारखे उच्चारले जाई, चौदाव्या शतकातील चॉसरच्या भाषेतही ‘यिव्ह’, ‘येव्ह’ अशी रूपे आहेत. आजचा कठोर ‘ग’ उत्तरेकडून, नॉर्सच्या प्रभावाने, दक्षिणेत पसरला.

संस्कृतच्या इतिहासाशी याची तुलना उद्‌बोधक ठरते. वेदभाषेत उपसर्ग धातूपासून सुटा राहू शकतो. मध्ये इतर शब्द येऊ शकतात, क्वचित तो धातूच्या मागूनही येतो. पाणिनीने उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात असे सांगून, छंदात ते मागूनही येतात व व्यवधानानेही येतात, अशी स्वतंत्र सूत्रे केली आहेत. लौकिक संस्कृतात मात्र उपसर्ग धातूस कायमचा चिकटला. म्हणजे संस्कृतचा प्रवास सुट्याकडून बद्धाकडे झाला, तर इंग्रजीचा बद्धाकडून सुट्याकडे. एकाच भाषाकुलातील दोन शाखांनी एकाच साधनाचा असा उलट दिशांनी उपयोग केला, ही गोष्ट भाषेच्या विकासास एकच ठरीव दिशा असते या समजुतीस छेद देणारी आहे.

३. पीटरबरोची नोंद

‘गिव्ह अप्’च्या पूर्वजाचे एक फार जुने उदाहरण पीटरबरो येथील मठाच्या बखरीत सापडते. १११६ च्या आगीत त्या मठाची मोठी हानी झाल्यावर तेथील भिक्षूंनी ११२१ च्या सुमारास दुसऱ्या प्रतीवरून ‘अँग्लो-सॅक्सन बखर’ उतरून घेतली व पुढे स्वतःच्या नोंदींची तीत भर घातली. अखेरच्या नोंदी ११५४ च्या सुमारास लिहिल्या गेल्या. नॉर्मन विजयानंतर लेखनव्यवहार लॅटिन व फ्रेंच यांच्याकडे गेला असताना देशभाषेत चाललेली ही नोंदवही इंग्रजीच्या इतिहासात म्हणूनच अमोल मानली जाते. पीटरबरो हे गाव स्कँडिनेव्हियन वसाहतीच्या प्रभावक्षेत्रात होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

राजा स्टीफनच्या कारकिर्दीतील, म्हणजे ११३५ ते ११५४ या काळातील, यादवीचे वर्णन करताना बखरकार ११४० या वर्षाखाली पुढील काही वर्षांचाही वृत्तांत एकत्र देतो. नॉर्मंडीतील सरदार स्टीफनचा पक्ष सोडून आंजूच्या काउंटास कसे मिळाले, हे तो सांगतो. काही स्वखुशीने मिळाले, काही नाइलाजाने. कारण काउंटाने त्यांना वेढा घातला आणि राजाकडून कसलीच कुमक न आल्यामुळे त्यांनी आपले किल्ले त्याच्या हवाली केले, असा त्या नोंदीचा आशय आहे. ‘हवाली केले’ या ठिकाणी जे शब्द आले आहेत त्यांत ‘आ-’ हा जुना उपसर्ग लागलेले देणे या धातूचे भूतकाळी अनेकवचन आहे आणि त्यामागे ‘उप्’ हे अव्यय आहे.

हे रूप दोन दृष्टींनी महत्त्वाचे आहे. एक तर जुनी व नवी अशा दोन्ही व्यवस्था त्यात एकाच वेळी उपस्थित आहेत. झिजलेला उपसर्ग अद्याप गळून पडलेला नाही, आणि त्याचे काम करू लागलेले अव्यय मागे येऊन उभे राहिले आहे. भाषेतील स्थित्यंतर इतक्या स्पष्टपणे एका शब्दात पकडता येणे दुर्मिळच. दुसरी गोष्ट अर्थाची. येथे देण्याचा अर्थ पुरता जिवंत आहे. देणारा आहे, देय वस्तू आहे आणि घेणाराही आहे. सरदारांनी किल्ला दिला तो काउंटास दिला. मात्र हे देणे सामान्य दान नव्हे. देणाऱ्याचा हात खाली व घेणाऱ्याचा वर, अशा संबंधातील ते देणे आहे.

‘अप्’चे प्रयोजन यावरून उमगू लागते. इंग्रजीत ‘यील्ड अप्’, ‘डिलिव्हर अप्’, ‘रेंडर अप्’ अशी याच घाटाची इतर क्रियापदे आहेत आणि त्या सर्वांत वस्तू अधिकाऱ्याकडे, विजेत्याकडे किंवा धन्याकडे जाते. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात योआब हा सेनापती प्रजेच्या शिरगणतीचा आकडा राजास सादर करतो, तेथेही ‘गिव्ह अप्’च योजिले आहे. त्या ठिकाणी सोडण्याचा किंवा हरण्याचा लवलेशही नाही; खालच्याने वरच्यास सादर करणे एवढाच अर्थ आहे. तेव्हा या जोडीतील ‘अप्’ आरंभी निरर्थक नव्हते. ते दिशा दाखवीत होते, आणि ती दिशा सत्तेच्या उतरंडीतील होती, असे अनुमान करण्यास चांगला आधार आहे. याच्याच जोडीला ‘अप्’ला समाप्तीचा, निःशेषतेचा अर्थही चढत गेला, ‘ईट अप्’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘बर्न अप्’ म्हणजे जळून खाक होणे, यांत तो दिसतो. ‘गिव्ह अप्’मध्ये हे दोन्ही प्रवाह मिळाले : वरच्यास देणे, आणि काहीही मागे न ठेवता देणे.

४. ग्रहीत्याचा लोप

यापुढील इतिहास एका सूत्रात सांगावयाचा तर तो घेणाऱ्याच्या नाहीसे होण्याचा इतिहास आहे.

शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात राज्याचा संरक्षक असलेल्या ग्लॉस्टरच्या ड्यूक हंफ्रीस राजा आपला अधिकारदंड परत करण्यास सांगतो. तेथे ‘गिव्ह अप्’ आहे. दंड ही हातात धरता येणारी वस्तू. परंतु तो देण्याने जाते ते पद. किल्ल्याकडून पदाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे अर्थ कसा सरकतो हे या प्रसंगात जणू रंगभूमीवरच दिसते. घेणारा राजा अजून समोर आहे. पण ज्याने पद सोडले त्याच्या दृष्टीने ते कोणी घेतले यापेक्षा आपल्याकडून गेले हे महत्त्वाचे ठरू लागले आहे.

‘गिव्ह अप् द घोस्ट’ हा प्रयोगही याच टप्प्यावरचा. ‘घोस्ट’चा मूळ अर्थ आत्मा, प्राण असा होता. १६११ च्या बायबलात अब्राहामाच्या मृत्यूचे वर्णन याच शब्दांत आहे. ज्याने प्राण दिला त्यास तो परत करावयाचा, ही श्रद्धा त्यामागे होती. म्हणजे घेणारा होता, पण तो अनुच्चारित राहिला. ‘घोस्ट’चा अर्थ पुढे भूत असा संकुचित झाल्यावर हा वाक्प्रचार मूळ अर्थापासून तुटला, आणि आज बंद पडलेल्या यंत्राविषयीदेखील तो थट्टेने वापरला जातो.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे हक्क, मत, उद्योग, सवय आणि आशा यांचा. मनुष्य दावा सोडतो तेव्हा प्रतिपक्षास निदान लाभ तरी होतो. पण धूम्रपान सोडतो तेव्हा ते कोणाकडेच जात नाही. येथे ग्रहीता सर्वस्वी लुप्त झाला. देण्याची क्रिया उरली, पण तिच्यातील देणे संपून केवळ आपल्यापासून दूर करणे शिल्लक राहिले. अखेरच्या टप्प्यावर तर कर्मही गळून पडते. कोडे न सुटल्यावर इंग्रज मुलगा ‘आय् गिव्ह अप्’ म्हणतो, त्यात काय दिले आणि कोणास दिले, दोन्ही प्रश्न निरर्थक आहेत. मराठीत तो ‘हरलो’ असे म्हणेल. किल्ला, काउंट आणि सरदार या तिघांपैकी शेवटी सरदार तेवढा उरला आणि त्याच्या हातात काहीच उरले नाही, असे या अर्थविकासाचे स्वरूप आहे.

जुने अर्थ मात्र नष्ट झाले नाहीत. ते नव्यांच्या शेजारी टिकून राहिले. गुन्हेगार स्वतःस ‘गिव्ह अप्’ करतो तेव्हा तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. येथे बाराव्या शतकातील किल्ल्याचाच अर्थ आहे, फक्त किल्ल्याच्या जागी स्वतःचा देह आला. विद्वान स्वतःस अध्ययनास ‘गिव्ह अप्’ करतो तेव्हा तो त्यास वाहून घेतो. वैद्य रोग्यास ‘गिव्ह अप्’ करतात तेव्हा त्याची आशा सोडतात. आगगाडीत तरुण वृद्धास जागा ‘गिव्ह अप्’ करतो तेव्हा सौजन्य दाखवितो. शरणागती, समर्पण, निराशा आणि सौजन्य अशा चार भिन्न मनोवृत्ती एकाच क्रियापदात राहतात, आणि कोणती घ्यावयाची हे कर्मावरून व संदर्भावरून ठरते.

५. प्रतिस्पर्धी शब्द

हा विकास अटळ होता असे मानण्याचे कारण नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘सोडणे, थांबविणे’ या अर्थासाठी ‘गिव्ह ओव्हर’ तितकेच प्रचारात होते. ‘हॅम्लेट’मध्ये राजा उठून उभा राहताच नाटक थांबविण्याची आज्ञा होते, ती याच शब्दांनी. १६११ च्या बायबलात रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, देवाने पाप्यांस त्यांच्या वासनांच्या हवाली केले असे तीन वेळा सांगितले आहे. मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी दोनदा ‘गिव्ह अप्’ व एकदा ‘गिव्ह ओव्हर’ योजिले. त्यांच्या कानास दोन्ही समानार्थक होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या वर्गाच्या क्रियापदांचा स्वतंत्र उल्लेख केला. मागे अव्यय जोडल्याने अर्थ पालटणारी ही क्रियापदे परकीयांस सर्वांत अधिक अवघड जातात, हे ओळखून ती आपण विशेष काळजीने नोंदविली आहेत, असे तो सांगतो. तेथे दिलेल्या उदाहरणांच्या मालिकेत ‘थांबणे’ या अर्थी ‘गिव्ह ओव्हर’ आहे, ‘गिव्ह अप्’ नाही. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यावरही पहिले रूप चांगले प्रतिष्ठित होते. आज प्रमाण इंग्रजीत ते या अर्थाने मागे पडले असून मुख्यतः उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘पुरे कर’ अशा अर्थी ऐकू येते.

दुसरी स्पर्धा फ्रेंच-लॅटिन शब्दांशी होती. नॉर्मन विजयानंतर न्यायालय, दरबार व चर्च यांच्या व्यवहारातून ‘सरेंडर’, ‘रिझाइन’, ‘रिनाउन्स’, ‘अबँडन’, ‘रिलिंक्विश’ असे शब्द इंग्रजीत आले. त्यांनी अर्थाची वाटणी करून घेतली : किल्ल्यास ‘सरेंडर’, पदास ‘रिझाइन’, हक्कास ‘रिलिंक्विश’. ‘गिव्ह अप्’ यांपैकी प्रत्येकाच्या जागी चालते, पण दस्तऐवजाच्या भाषेत त्यास क्वचितच मान मिळतो. घरगुती बोलण्यातील शब्द व कचेरीतील शब्द असा जो भेद मराठीत ‘सोडणे’ व ‘परित्याग करणे’ यांत जाणवतो, त्याच जातीचा हा भेद होय.

‘गिव्ह इन’ या जवळच्या शब्दाशी होणारी गल्लतही येथेच नोंदविणे योग्य. ‘गिव्ह इन’ म्हणजे दुसऱ्याच्या दबावापुढे नमणे. ‘गिव्ह अप्’ म्हणजे आपला प्रयत्न आपणच सोडणे. पहिल्यात प्रतिपक्ष लागतो, दुसऱ्यात लागत नाही. चर्चिलने २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो येथील शाळेत केलेल्या भाषणात ‘गिव्ह इन’ असा शब्द वापरला होता. समोर शत्रू होता. नमू नका, असा तो उपदेश होता. पुढे लोकांच्या तोंडी ते वचन ‘गिव्ह अप् करू नका’ असे फिरले आणि युद्धकाळातील शब्दाचे वैयक्तिक चिकाटीच्या सुभाषितात रूपांतर झाले. ज्याच्यापुढे नमावयाचे तो शत्रू वाक्यातून निघून गेला. ग्रहीत्याच्या लोपाची जी प्रवृत्ती वर दाखविली, तीच येथे एका शब्दाच्या जागी दुसरा बसविण्यास कारण झालेली दिसते.

६. व्याकरणात उरलेला इतिहास

या क्रियापदाच्या प्रयोगाचे जे नियम विद्यार्थ्यास घोकावे लागतात, त्यांचाही उलगडा इतिहासाने होतो. ‘गिव्ह अप्’नंतर दुसरी क्रिया सांगावयाची तर ती ‘टू’ लागलेल्या रूपाने येत नाही, ‘-इंग’ प्रत्ययान्त नामाच्या रूपाने येते. ‘त्याने धूम्रपान सोडले’ यासाठी ‘गेव्ह अप् स्मोकिंग’ हेच शुद्ध. याचे कारण असे की, या क्रियापदामागची जागा पहिल्यापासून देय वस्तूची, म्हणजे नामाची आहे. किल्ला जेथे होता तेथेच पुढे दंड, पद, हक्क आणि सवय ही क्रमाने येऊन बसली. सवयीस त्या जागी बसावयाचे तर नामाचा वेष घेणे भाग होते.

कर्माच्या स्थानाचा नियमही असाच आहे. नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर येऊ शकते; सर्वनाम मात्र दोहोंच्या मध्येच आले पाहिजे. ‘गिव्ह इट अप्’ शुद्ध, ‘गिव्ह अप् इट’ अशुद्ध. आघात घेणारे अव्यय वाक्यखंडाच्या शेवटी यावे आणि आघातहीन सर्वनामाने तेथे अडू नये, ही लयीची गरज त्यामागे आहे. उपसर्ग आघाताअभावी नष्ट झाला. अव्यय आघाताच्या बळावर टिकले. विसाव्या शतकात ‘गिव्ह अप् ऑन’ हे आणखी एक रूप रूढ झाले. एखाद्या मनुष्याविषयी किंवा कार्याविषयी आशा सोडणे हा त्याचा अर्थ. ‘त्यास दिले’ असे म्हटले तर पोलिसांस दिले की त्याची आशा सोडली हा संदेह राहत असे. तो ‘ऑन’ने दूर केला.

१९३० मध्ये ऑग्डेनने ‘बेसिक इंग्लिश’ची योजना मांडली. तिच्या ८५० शब्दांत ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’ यांसारखी अगदी थोडी क्रियावाचके ठेवून उरलेल्यांचे काम अव्ययांच्या संयोगाने भागविण्याची युक्ती होती. शब्दांची संख्या त्यामुळे घटली हे खरे. पण प्रत्येक संयोगाचा अर्थ वेगळा शिकावा लागतो, हा जॉन्सनने दाखविलेला अडथळा जसाच्या तसा राहिला. अवयव सोपे म्हणून समुदाय सोपा, ही समजूत कशी फसवी आहे, याचे ते बोधप्रद उदाहरण होय.

७. मराठी वाचक व भाषांतरकार

मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मराठी कोशकारांस अशा क्रियापदांस प्रतिशब्द देण्याचे काम पडले आहे. मराठीत यासाठी जे साधन आहे ते अव्ययाचे नसून संयुक्त क्रियापदाचे आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्याचा विचार आहे. ‘सोडून देणे’, ‘टाकून देणे’ यांत ‘देणे’ हे सहायक होऊन बसले आहे. योगायोग असा की, इंग्रजी ‘गिव्ह अप्’मध्ये आणि मराठी ‘सोडून देणे’मध्ये दोहोंतही ‘देणे’ आहे आणि दोहोंतही त्याचा मूळ अर्थ विरून गेला आहे. फरक एवढाच की, इंग्रजीत समाप्तीची छटा अव्ययाने आणली, मराठीत ती दुसऱ्या क्रियापदाने आणली.

तथापि एकच प्रतिशब्द सर्वत्र चालणार नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास यात विशेष सावधगिरी लागते. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांस दिले व १२ स्वतःकडे राखले. इंग्रजीत लिहिणारा यासाठी ‘गेव्ह अप्’ म्हणू शकतो, आणि ते चूक नव्हे. पण ते बाराव्या शतकातील अर्थाने घ्यावयाचे, विसाव्या शतकातील अर्थाने नव्हे. किल्ले हवाली केले होते, त्यांची आशा सोडली नव्हती. १६७० मध्ये सिंहगडापासून ते परत घेण्यास आरंभ झाला, यावरून हे उघड आहे. उलट बाजूचे उदाहरण १९२० चे. त्या वर्षी सप्टेंबरात कलकत्ता येथील काँग्रेसच्या विशेष अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला. त्यात पदव्या व मानाच्या जागा सोडण्याविषयी ‘सरेंडर’ हा शब्द आहे. कोशातील पहिला प्रतिशब्द उचलून त्याचे ‘शरणागती’ असे भाषांतर केले, तर ठरावाचा अर्थ नेमका उलटा होईल. पदव्या सरकारास परत करावयाच्या होत्या, म्हणजे घेणारा होता. परंतु देणारा येथे हरलेला नसून त्याग करणारा होता.

या दोन उदाहरणांवरून भाषांतरकाराने स्वतःस विचारावयाचे प्रश्न निश्चित होतात. वस्तू कोणाकडे गेली काय? गेली असेल, तर बळाने की इच्छेने? कोणाकडेच गेली नसेल, तर जे सोडले ते ओझे होते की आशा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास ‘हवाली करणे’, ‘स्वाधीन करणे’, ‘परत करणे’ यांतून निवड करावी. नकारार्थी असल्यास ‘सोडणे’, ‘त्यागणे’, ‘नाद सोडणे’, ‘हात टेकणे’ यांतून. इंग्रजीने एका शब्दात जे झाकून ठेवले आहे ते मराठीत उघड करावे लागते. आणि ते उघड करण्यासाठी वाक्यापलीकडील प्रसंग जाणावा लागतो.

अर्थविकासाचा हा क्रम मराठीस परका नाही, हेही अखेरीस नमूद केले पाहिजे. ‘हक्कावर पाणी सोडणे’, ‘संसारावर तुळशीपत्र ठेवणे’ हे वाक्प्रचार दानविधीतून आले. दान देताना यजमान देय वस्तूवर तुळशीपत्र ठेवी व हातावरून उदक सोडी. समोर दान घेणारा बसलेला असे. आज ‘त्याने नोकरीवर पाणी सोडले’ असे म्हणताना ते पाणी कोणाच्या हातावर पडले असे कोणी विचारीत नाही. पीटरबरोच्या भिक्षूने नोंदविलेल्या किल्ल्यांचा घेणारा जसा इंग्रजीच्या ओघात हरवला, तसाच मराठी यजमानासमोरचा प्रतिग्रहीताही हरवला. दोन भाषांनी परस्परांशी संपर्क नसताना, एकीने वेढ्यातून व दुसरीने विधीतून, देण्याच्या क्रियेपासून सोडण्याचा अर्थ मिळविला. शाकटायन व गार्ग्य यांच्या वादाचा निर्णयही याच मार्गाने लागतो : ‘अप्’ला आरंभी स्वतःचा अर्थ होता, आणि आज ते वेगळे काढले असता तो अर्थ हाती लागत नाही. दोन्ही पक्ष खरे आहेत. त्यांच्या मध्ये साडेआठशे वर्षांचे अंतर आहे.